वाचकांचे प्रश्न : लाईट गेली, रेंज गेली, मग उपकरण काय करतं?

टाकीतला सेन्सर, मोबाईलवर चालणारा मोटरस्टार्टर, शहरातले वॉटर मीटर आणि दुकानातले कॅमेरे या विषयांवर मराठवाड्यातून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांतली तक्रार एकच आहे: दुकानात किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरण नीट चालतं आणि जागेवर बसवलं की अडतं. म्हणून उत्तरांत भर ते का अडतं यावर आहे.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवरच्या आरसीसी टाकीत पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. सकाळी बरोबर दाखवतो, उन्हाळ्यात दुपारी चुकतो, आणि मोटर चालू झाली की आकडे वेडेवाकडे उड्या मारतात. दोन महिन्यांनी तो बंदच पडला. नवा घ्यावा का?
— सोसायटीचे सचिव, लातूर

उत्तर : तसाच नवा घेऊ नका. या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि नव्या सेन्सरलाही त्या येणारच.

दुपारची चूक हवेमुळे होते. हा सेन्सर आवाज सोडतो, पाण्यावरून प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक प्रोग्राममध्ये मायक्रोसेकंदांना ५८ ने भागून सेंटीमीटर काढलेले असतात. म्हणजे आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरलेला असतो आणि हा वेग २० ते २३ अंशांच्या हवेतला आहे. टाकीतली हवा ४२ अंशांवर गेली की वेग ३५७ मीटरच्या आसपास होतो. प्रतिध्वनी लवकर परततो आणि पाणी आहे त्यापेक्षा वर असल्याचं दिसतं. पाणी झाकणापासून २ मीटर खाली असेल तर चूक जवळपास ७ सेंटीमीटरची. टाकी ४ मीटर बाय ३ मीटर असेल तर एका सेंटीमीटरला १२० लिटर बसतात, म्हणजे आठशे लिटरहून जास्त पाणी फक्त स्क्रीनवरच असतं. उपाय स्वस्त आहे. डीएस१८बी२० हा तापमानाचा छोटा सेन्सर टाकीच्या आत, पाण्याच्या वर लोंबता ठेवा आणि वेग = ३३१.३ + ०.६०६ × तापमान हे सूत्र प्रोग्राममध्ये घाला. तापमानाचा सेन्सर झाकणाला चिकटवू नका. झाकण उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं.

मोटर चालू झाल्यावर आकडे उडतात, कारण इनलेटची धार आणि लाटा यांवरून आवाज भलतीकडे परततो. सेन्सर धारेपासून लांबच्या कोपऱ्यात न्या. तरी जमलं नाही तर चार इंची पीव्हीसी पाइप टाकीच्या तळाजवळपर्यंत उभा सोडा आणि त्याच्या तोंडावर सेन्सर बसवा. पाइप आतून गुळगुळीत हवा, मध्ये सांधा नको, आणि वरच्या बाजूला हवा आतबाहेर जायला एक भोक ठेवा, नाहीतर पाइपातली पातळी टाकीबरोबर हलणार नाही. वाचन घेताना ६० मिलिसेकंदांच्या अंतराने नऊ आकडे घ्या, लहान-मोठे क्रमाने लावा आणि मधला धरा. सरासरी काढू नका, कारण एकच भरकटलेला आकडा सगळी सरासरी खराब करतो. जलरोधक जेएसएन-एसआर०४टी सेन्सरला साधारण २० ते २५ सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा. टाकी काठोकाठ भरते तिथपासून सेन्सर किमान ३० सेंटीमीटर वर हवा.

बंद पडण्याचं कारण बहुधा वाफ आहे. दोन उघडे डोळे असलेला एचसी-एसआर०४ टाकीसाठी नाहीच. पाण्याची वाफ आणि क्लोरीन त्याची जाळी आणि सोल्डर खाऊन टाकतात. बोर्डाचा डबा टाकीबाहेर सावलीत ठेवा, वायर खालच्या बाजूने केबल ग्लँडमधून आत घ्या आणि आत जाण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच गळून पडेल.

खर्च परवडत असेल तर अल्ट्रासॉनिक सोडून तळाशी बुडणारा दाबाचा सेन्सर घ्या, ४ ते २० मिलिअँपिअरवाला. टाकी रिकामी असताना ४, भरल्यावर २०. वायर तुटली तर शून्य येतं, त्यामुळे ‘पाणी नाही’ आणि ‘सेन्सर नाही’ यांतला फरक आपोआप कळतो. १५० ओहमचा रेझिस्टर लावला की ०.६ ते ३ व्होल्ट मिळतात. ते ईएसपी-३२ या वायफायवाल्या कंट्रोलर चिपच्या स्वतःच्या ॲनालॉग पिनवर न वाचता एडीएस-१११५ या चिपमधून वाचा, ईएसपीची पिन दोन्ही टोकांना सरळ रेषेत वाचत नाही. या सेन्सरच्या केबलमध्ये तारांच्या शेजारी केसासारखी बारीक पोकळ नळी असते. तिच्यातून सेन्सरला बाहेरच्या हवेचा दाब कळतो. इलेक्ट्रिशियन ती टेपने गच्च बंद करतात आणि मग हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने हलला की पातळी १ सेंटीमीटरने चुकते. तिचं तोंड कोरड्या डब्यात उघडं राहिलं पाहिजे, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. या आकड्यावर मोटर आपोआप चालणार असेल तर आकडा दहा मिनिटांपेक्षा जुना झाला की मोटर बंद झालीच पाहिजे. शिवाय वरच्या पातळीला साधा फ्लोट स्विच थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलच्या वायरीत जोडा. वायफाय, ॲप, सर्व्हर सगळं मेलं तरी तो मोटर तोडतो. ॲपमध्ये पातळीशेजारी ती किती वाजता मोजली ते दिसत नसेल तर तसं करून घ्या. तीन तासांपूर्वीचा ‘८० टक्के’ हा आकडा कोऱ्या पडद्यापेक्षा घातक आहे.

प्रश्न : आमच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) पंधरा मोटरी आहेत. सगळ्यांनी मोबाईल स्टार्टर आणि ऑटो (लाईट आली की मोटर आपोआप उचलणारे) बसवले. त्यानंतर एका हंगामात डीपी दोनदा जळाला. गावात म्हणतात ऑटोमुळे जळतो, विकणारा म्हणतो संबंध नाही. खरं काय?
— शेतकरी, जि. हिंगोली

उत्तर : गाव बरोबर म्हणतंय. पण यंत्र काढून टाकण्याची गरज नाही, त्याची सेटिंग बदलली पाहिजे.

हिशोब करून पाहू. १०० केव्हीएचा डीपी पूर्ण भारावर एका फेजला सुमारे १३३ अँपिअर देतो. पाच एचपीची मोटर चालताना साधारण साडेसात-आठ अँपिअर घेते. पंधरा मोटरींचे १२० झाले, डीपी ते पेलतो. मात्र थेट सुरू होताना मोटर पहिले काही सेकंद सहापट घेते, म्हणजे ४५ च्या आसपास. रात्री लाईट आली आणि पंधरा ऑटोंनी एकाच क्षणी मोटरी उचलल्या की ६७५ अँपिअर, डीपीच्या क्षमतेच्या पाचपट. व्होल्टेज कोसळतं. मोटरीची ओढ व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते: व्होल्टेज ८० टक्के राहिलं तर ओढ ६४ टक्के. मोटरींना वेगच धरता येत नाही, त्या तशाच घुटमळत तो जास्तीचा करंट घेत राहतात. इथे किटकॅटचा फ्यूज उडायला हवा. त्या जागी कोणीतरी जाड तार गुंडाळलेली असते, म्हणून फ्यूज वाचतो आणि डीपीचं वाइंडिंग जातं.

प्रत्येक ऑटोमध्ये ‘ऑन डिले’ असतो, लाईट आल्यावर किती सेकंद थांबायचं तो वेळ. कारखान्यातून तो सगळ्यांत सारखाच येतो, समजा ६० सेकंद. सगळ्यांचा ६० असेल तर पंधरा मोटरी एकाच वेळी, फक्त एक मिनिट उशिरा उठतात. म्हणून डीपीवरच्या सगळ्यांनी एकदा बसून चिठ्ठ्या टाकाव्यात आणि १ ते १५ क्रमांक घ्यावेत. ज्याचा जो क्रमांक, त्याला ३० ने गुणून तेवढे सेकंद डिले. शेवटची मोटर साडेसात मिनिटांनी चालू होईल, तेवढ्याने कोणाचं पीक वाळत नाही. शेवटचा क्रमांक कायम एकाच्याच वाट्याला नको म्हणून दर हंगामात चिठ्ठ्या पुन्हा टाका. यंत्रात ‘रँडम डिले’ असेल तर तो ० ते १० मिनिटांवर ठेवला तरी चालतं. त्यात कधी दोन मोटरी एकत्र उठतील, पण तीन सेकंदांपुरता तेवढा ताण डीपी सोसतो.

डिलेची मोजणी कुठून सुरू होते तेही तपासा. लाईट पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीनदा ये-जा करते. प्रत्येक वेळी मोजणी शून्यापासून सुरू झाली पाहिजे, आणि तिन्ही फेज मिनिटभर स्थिर दिसल्यावरच. वायरमनकडून हे करून घ्या: एक फेज काढून पाहायचा, मोटर उठता कामा नये. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर तोडणारं यंत्र) बायपास करून दोन फेजवर मोटर चालवली जात असेल तर वरचं सगळं वाया जातं. पाच एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावा, चालताना लाईनवरचा करंट त्याने कमी होतो. डीपीच्या पेटीला मात्र स्वतः हात लावू नका.

ड्राय रनची, म्हणजे पाण्याविना चालणारी मोटर बंद करण्याची, सेटिंग कंपनीच्या आकड्यावर सोडू नये. बोअरला भरपूर पाणी असताना चालू मोटरीचा करंट लिहून ठेवा, समजा ७.५. पाणी तुटून मोटर हवा ओढू लागल्यावरचा लिहा, समजा ५. मग सेटिंग ६ च्या आसपास. पाणी तुटून बंद झाल्यावर पुन्हा चालू होण्याचा वेळ बोअर भरायला लागतो तेवढा हवा. दुष्काळी वर्षात हा वेळ मे महिन्यात वेगळा आणि ऑक्टोबरात वेगळा असतो.

स्टार्टर घेताना दुकानदाराला एकच प्रश्न नक्की विचारा: ‘मोटर चालू झाली’ हा मेसेज हे यंत्र कशावरून पाठवतं? स्वस्त यंत्रं रिले ओढला की लगेच मेसेज टाकतात. मोटर जळलेली असो की केबल चोरीला गेलेली असो, मेसेज ‘चालू’चाच येतो. चांगलं यंत्र तिन्ही फेजमधला करंट मोजून, दहाएक सेकंद थांबून मग कळवतं. हुकूम पोचला आणि काम झालं या दोन वेगळ्या बाबी आहेत, जोडलेल्या उपकरणांतल्या निम्म्या फसवणुकी यांच्यामधल्या फटीत होतात. यंत्रातल्या सिमचा रिचार्ज संपला तरी यंत्र गप्प बसतं, त्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा.

प्रश्न : ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ (नेटवर्कला जोडलेली उपकरणं) आणि स्मार्ट सिटी या विषयांत संगणकशास्त्रज्ञ संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात? उपकरणं तर इलेक्ट्रॉनिक्सवाले बनवतात.
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : वरचा डीपीचा प्रश्न हाच त्या संशोधनातला एक मूळ प्रश्न आहे: एकमेकांशी न बोलणाऱ्या पुष्कळ यंत्रांनी एकच सामायिक साधन कसं वापरायचं? नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये अलोहा नावाचं रेडिओ जाळं चालू केलं. त्याचा नियम असा: निरोप आहे, पाठवून द्या, दुसऱ्याच्या निरोपावर आदळला तर वाटेल तितका, म्हणजे यादृच्छिक, वेळ थांबून पुन्हा पाठवा. गणित सांगतं की या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. आज शेतात आणि शहरात सेन्सरचे छोटे निरोप रेडिओवरून लांबवर पाठवायला वापरली जाणारी लोरावॅन पद्धत याच नियमावर चालते.

त्याचा परिणाम आकड्यांत बघा. दहा बाइटचा निरोप लोरावॅनमध्ये एसएफ-७ या वेगवान सेटिंगवर सुमारे ६२ मिलिसेकंद हवेत असतो. एसएफ-१२ या लांब पल्ल्याच्या सेटिंगवर तोच निरोप १,४८३ मिलिसेकंद घेतो. एका चॅनेलवर शंभर सेन्सर दर १५ मिनिटांनी बोलत असतील तर एसएफ-७ वर शंभरातले ९८-९९ निरोप सुखरूप पोचतात, एसएफ-१२ वर ७२ च्या आसपास. म्हणजे ‘रेंज कमी पडते, सगळ्यांना एसएफ-१२ करा’ या सल्ल्याने जाळं सुधारत नाही, उलट चौथाई निरोप हरवतात. कोणत्या सेन्सरला कोणती सेटिंग द्यायची, निरोप गोळा करणारा गेटवे कुठे उभा करायचा, लाईट आल्यावर शेकडो यंत्रं एकदम जोडणी मागू लागली तर काय, हे ठरवणं संगणकशास्त्राचं काम.

दुसरा मोठा भाग आकड्यांच्या खरेपणाचा आहे. सेन्सर हळूहळू चुकू लागतो, मधली वाचनं गहाळ होतात, घड्याळं मागेपुढे सरकतात. शेजारच्या सेन्सरांवरून चुकणारा कसा ओळखायचा, सगळी माहिती सर्व्हरला पाठवायची की जागेवरच हिशोब करून फक्त निष्कर्ष पाठवायचा, त्यात माणसांच्या खासगी सवयी उघड होतात का, यावर प्रबंध लिहिले जातात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्वतःच्या आवारातल्या पाणीपुरवठ्यावर असं काम केलं आहे. विषयाची मुळं शोधायची तर झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातले मार्क वायझर यांचा रोजच्या वस्तूंत मिसळून गेलेल्या संगणकांवरचा १९९१ चा लेख आणि निरोपांसाठी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लन निपर यांनी तेलवाहिनीच्या देखरेखीसाठी बनवलेली एमक्यूटीटी पद्धत यांपासून सुरुवात करा.

तुमच्या तयारीसाठी: संभाव्यता, संख्याशास्त्र, नेटवर्किंग आणि सी भाषा. सोल्डरिंगही हाताला यावं.

प्रश्न : आमचं शहर स्मार्ट सिटीत होतं. मग स्मार्ट वॉटर मीटर लावून गळती शोधणं इतकं अवघड का? परदेशात तर सर्रास होतं.
— निवृत्त अभियंता, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी मिशनमध्ये सप्टेंबर २०१६ च्या यादीत आपलं शहर आलं, मराठवाड्यातलं ते एकटंच. अडचण मात्र मिशनची नाही, गळती शोधण्याच्या पद्धतीची आहे. ती पद्धत चोवीस तास पाणी असलेल्या शहरांत घडली. तिथे पहाटे २ ते ४ च्या दरम्यान जवळपास कोणी पाणी वापरत नाही, तरी नळवाहिनीत जो प्रवाह दिसतो ती बहुतांश गळती. आपल्याकडे जायकवाडीतून आलेलं पाणी काही दिवसांआड तासभर सुटतं. मधल्या काळात पाइप रिकामे. पहाटेचा प्रवाह मोजणार कुठे?

पाणी सुटताना आणखी काय होतं ते पाहा. आधी पाइपातली हवा ढकलली जाते आणि फिरत्या चक्राचा मीटर हवेवरही फिरतो, ग्राहकाला हवेचं बिल लागतं. चक्र नसलेला अल्ट्रासॉनिक मीटर अर्धवट भरलेल्या पाइपात चुकतो किंवा ‘रिकामा पाइप’ अशी सूचना देऊन थांबतो. तेवढ्यात लोक लाईनला थेट मोटर लावतात, दाब शून्याखाली जातो आणि गळतीच्या भोकातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. आणि बाहेरून आणलेले दाबमापक दर १५ मिनिटांनी नोंद घेण्यावर लावलेले असतात. ४५ मिनिटांच्या पुरवठ्यात तीन नोंदी, त्यातून काय कळणार?

तरीही आपल्या पद्धतीत दोन सोयी दडलेल्या आहेत आणि त्या वापरल्या जात नाहीत, याची आम्हाला खंत वाटते. पहिली: कोरड्या दिवशी सगळे मीटर स्तब्ध असतात. एका व्हॉल्व्हखालच्या सगळ्या घरांची वाचनं पाळीच्या आदल्या दिवशी सावकाश घ्या, पाळी झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. घड्याळं जुळवण्याची गरजच नाही, बिनतारी मीटरही नकोत. समजा व्हॉल्व्हवरच्या मोठ्या मीटरने १८० घनमीटर दाखवले आणि घरांची बेरीज ११७ आली, तर ६३ घनमीटर, म्हणजे ३५ टक्के, बेहिशेबी. त्यात गळती, बिनमीटरचे नळ आणि मीटरची चूक तिन्ही आहेत. पुढच्या पाळ्यांत गल्लीचे छोटे व्हॉल्व्ह एकेक करून बंद ठेवले की तूट कोणत्या गल्लीत आहे ते उघड होतं.

दुसरी सोय म्हणजे पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचायला लागणारा वेळ. व्हॉल्व्हजवळ एक आणि शेवटच्या घराच्या जोडणीवर एक दाबमापक लावा. पहिली दहा मिनिटं दर ५ सेकंदांना नोंद, नंतर दर मिनिटाला. व्हॉल्व्ह उघडल्यापासून शेवटच्या टोकाला दाब चढेपर्यंतची मिनिटं दर पाळीला मांडा. मार्चमध्ये १२, एप्रिलमध्ये १५, मेमध्ये १९ असं वाढत गेलं तर वाटेत काहीतरी बिघडतंय: नवी गळती, अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह किंवा गाळ. या मापाला दोन दाबमापक आणि एक वही पुरते. या दोन दाबमापकांची घड्याळं मात्र मोबाईलच्या वेळेशी दर पाळीआधी जुळवावी लागतात. आणि उंचवट्यांवरचे हवेचे व्हॉल्व्ह चालू आहेत का ते आधी बघा. ते अडकले असतील तर सगळं गणित हवेवर होईल.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सिम-८००एल हे मोबाईल नेटवर्कचं मॉड्यूल घेतलं. सिम टाकलं तरी नेटवर्क धरत नाही, मेसेज पाठवताना बोर्ड रीसेट होतो. लोराचं (लोरावॅनच्या रेडिओचं) ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल स्वस्तात मिळतंय, ते घेऊ का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

उत्तर : ९१५ चं घेऊ नका. तो अमेरिकेतला पट्टा आहे. आपल्याकडे विनापरवाना वापरासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ खुला झाला (पुढे तो ८६८ पर्यंत वाढवला) आणि ९१५ च्या आसपास मोबाईल कंपन्यांच्या लहरी असतात. मॉड्यूलवर ८६८ लिहिलेलं घ्या आणि प्रोग्राममध्ये भारताची सेटिंग निवडा. सुरुवातीचे तीन चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ हे आहेत. अँटेना लावल्याशिवाय मॉड्यूलला करंट देऊ नका, पाठवणारा भाग जळू शकतो.

सिम-८००एल फक्त टू-जीवर चालतं. जिओचं सिम त्यात कधीच चालणार नाही, कारण जिओचं टू-जी जाळंच नाही. रीसेटचं कारण वीज: निरोप सोडताना ते क्षणभर २ अँपिअर ओढतं. यूएसबीच्या बारीक वायरीतून किंवा बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनवरून ते मिळत नाही. त्याला ३.७ ते ४.२ व्होल्टची वेगळी वीज, मॉड्यूलच्या पिनांलगत १,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि छोट्या जाड वायरी द्या. नव्याने घेणार असाल तर ए-७६७०सी सारखं फोर-जी मॉड्यूल घ्या.

बॅटरीवर चालवणार असाल तर एक सूचना. ईएसपी-३२ चिप गाढ झोपेत दहाएक मायक्रोअँपिअर घेते असं वाचून हिशोब करू नका. बाजारातल्या बोर्डावरचा रेग्युलेटर एकटाच काही मिलिअँपिअर पितो. मल्टिमीटर लावून खरा आकडा मोजा. उन्हातल्या बंद डब्यात लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज होऊ देऊ नका. आपल्या उन्हाळ्यात डबा ती मर्यादा दुपारच्या आतच ओलांडतो. पांढरा डबा, वर वेगळं छप्पर आणि एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल हे जास्त टिकतं.

प्रश्न : सोयाबीनमध्ये मातीच्या ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर लावला. पाऊस पडून गेला तरी ‘कोरडं’ दाखवतो.
— शेतकरी, जि. परभणी

उत्तर : काळी जमीन वाळली की आकसते आणि सेन्सरच्या पात्याभोवती फट पडते. मग तो मातीऐवजी हवा मोजतो. पाऊस पडल्यावर पाणी भेगेतून सरळ खाली जातं, पात्याला लागतच नाही. बसवताना त्याच जागेची माती पाण्यात कालवून दाट चिखल करा, भोकात ओता आणि त्यात पातं तिरपं बसवा. चिखल मुरायला आठवडा द्या, तोवरची वाचनं धरू नका. एक पातं १५ सेंटीमीटरवर, दुसरं ३० वर, अशी तीन ठिकाणं तरी हवीत. भेग पडली की जागा बदला.

पात्याच्या कडा कारखान्यात उघड्या राहतात आणि तिथून पाणी शिरतं. इपॉक्सीचे दोन हात आणि वरच्या सर्किटवर हीट-श्रिंक नळी लावा. दोन धातूच्या काट्यांचा स्वस्त सेन्सर असेल तर तो टाकून द्या, काही आठवड्यांत गंजतो.

टक्के काढायचे तर स्वतःच्या मातीवर: पात्याजवळची १०० ग्रॅम ओली माती १०५ अंशांवर २४ तास वाळवून पुन्हा तोला. ८० ग्रॅम भरली तर ओलावा २० भागिले ८०, म्हणजे २५ टक्के. कोरडी, मध्यम, ओली अशा पाच-सहा नमुन्यांवर सेन्सरचा आकडा आणि हा टक्का मांडून रेघ काढा. दुसऱ्याच्या शेतातली रेघ तुमच्याकडे चालणार नाही. वाळवणीची सोय कृषी विद्यापीठात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत विचारा.

प्रश्न : दुकानात चार कॅमेरे आणि डीव्हीआर आहे, मोबाईलवर दिसतं. ते कोणी हॅक करून काय मिळवणार?
— व्यापारी, जालना

उत्तर : तुमचं चित्र कोणाला नको असेल, तुमचा डीव्हीआर मात्र हवा असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्याकडून एकदम मारा करून संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीची यंत्रणा पाडली गेली आणि अनेक मोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली. डीव्हीआर बंद-चालू केला की मिराई पुसला जातो, पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत परत येतो.

बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड आजच बदला. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (बाहेरून आत यायची वाट उघडणाऱ्या सोयी) बंद करा. कॅमेरे बिल मशीनच्या नेटवर्कवर नकोत, राउटरचं गेस्ट नेटवर्क त्यांना द्या. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर आहे का पाहा. आतला सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख चुकते आणि चोरीच्या वेळी ते चित्रीकरण कामाला येत नाही. किती दिवसांचं साठतं तेही मोजा: चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएस म्हणजे दिवसाला सुमारे ८६ जीबी, १ टीबीच्या डिस्कवर साडेअकरा दिवस. दिवाळीच्या गर्दीत झालेली चोरी स्टॉक मोजताना पंधरा दिवसांनी लक्षात आली तर चित्र गेलेलं असेल.

प्रश्न : मीटरला हात न लावता घरात आत्ता किती वीज जातेय ते कळेल का?
— गृहिणी, धाराशिव

उत्तर : कळेल. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे युनिटला ३,२०० लुकलुकी. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्याने भागा. दीड सेकंद आले तर ७५० वॉट. दिवा भरभर लुकलुकत असेल तर पहिल्या लुकलुकीपासून अकराव्यापर्यंतचा वेळ घ्या आणि दहाने भागा. अकराने नाही, कारण पहिली लुकलुक ही फक्त सुरुवात असते. मीटरवर १,६०० छापलेलं असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या. फ्रिज, गीझर, कूलर एकेक बंद करून पाहिलं की कोणाचा वाटा किती ते दहा मिनिटांत समजतं. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर मेन स्विच पाडून बघा. तरीही लुकलुकला तर महावितरणच्या शाखा कार्यालयात मीटर तपासणीचा अर्ज द्या.